दादरच्या पुढे

प्रत्यक्ष सहलीपेक्षा तिचा बेत आखण्यातच अधिक सुख असते, असे आम्ही आजवर मानीत आलो. दिवाळीच्या सुटीत वसईला थोरल्या बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचे, सुना आणि नातवंडे ओटीवर आमची वाटच पाहत होती. "फादरमामा, एक दिवस आम्हांला मुंबई दाखवा. तुम्ही तिथे शिकलात, तुम्हांला सारे ठाऊक!" गोरेगावच्या सेमिनरीत आमची उमेदीची वर्षे गेलेली, सुटीच्या दिवशी अर्धी मुंबई पायी पालथी घातलेली. आम्ही लगेच वही मागवली.

तासाभरात नऊ ठिकाणे कागदावर उतरली. घारापुरीच्या लेण्यांपासून राणीच्या बागेतील पेंग्विनपर्यंत काहीच सुटले नव्हते. मग अडचणी निघाल्या. रविवारी आमच्या मिस्सा. शिवाय लोकलच्या ब्लॉकची धास्ती. सोमवारी घारापुरी बंद, बुधवारी राणीची बाग बंद. गेटवेहून घारापुरीला लाँचने जायलाच तास, पुढे शंभरावर पायऱ्या. थोरले भाचे म्हणत होते, सारे जमेल. आम्हीही मान डोलवीत होतो.

इतका वेळ बहीण आत भाजी निवडत बसली होती. तिला विचारावे, असे आम्हा कोणालाच सुचले नव्हते. धाकट्या नातीने हाक मारली, "आजी, तुला काय बघायचे आहे?"

ती म्हणाली, "दादरच्या पुढे गाडी कुठे जाते, तेवढे बघायचे आहे."

सारे हसले. आम्हांला हसता आले नाही. तीस वर्षे ही बाई पहाटेच्या गाडीने वांगी, अळू, केळफुले भरलेली पाटी घेऊन दादरला उतरत असे. पाटी रिकामी झाली, की तिथूनच माघारी; वाडीचे शिंपणे आणि घरची चूल तिच्यासाठी खोळंबलेली असत. त्या पाटीतून आमची पुस्तके आली, पायांतले बूट आले, दीक्षाविधीचा पांढरा झगाही आला. पुढे आम्ही कितीतरी पाहुण्यांना गेटवे दाखवले. तिला एकदाही नेले नाही. व्यासपीठावरून मात्र चौथ्या आज्ञेवर दरवर्षी प्रवचन देत आलो.

वहीचे पान उलटले आणि नवा बेत मांडला. दिवस मंगळवार. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघायचे. खिडकीची जागा तिची. तिकीट थेट चर्चगेटचे. स्थानकाजवळच ओव्हल मैदान. १९६४ साली तेथे आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली होती आणि पोप पॉल सहावे तिच्यासाठी मुंबईला आले होते. मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर. १८७८ साली पुऱ्या झालेल्या या मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव दिले. ज्या बाईच्या कष्टांवर आम्ही उभे राहिलो, तिच्या नावे आम्ही एक दिवसही ठेवला नव्हता, हे ते नाव लिहिताना मनाला लागले.

तेथून टॅक्सीने गेटवे. १९२४ साली ही कमान पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी तिच्यातूनच इंग्रजांची अखेरची पलटण निघून गेली. मुलांना लाँचमधून बंदराची फेरी मारू द्यायची. आम्ही दोघे बहीणभाऊ पाण्याकडे पाहत बसू. दुपारी चारला परत, कचेऱ्या सुटण्यापूर्वी. नऊ ठिकाणांची तीन झाली. पण कोणी कुरकुरले नाही.

वाचकहो, सहलीचे बेत आपण मुलांच्या हौसेने आणि घड्याळाच्या काट्याने आखतो. त्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला एक प्रश्न जरूर विचारावा. उत्तर थोडक्यात येईल, कदाचित जिव्हारीही लागेल. पण सहल कुठून सुरू करायची, ते कळेल.

बेत वाचून दाखवला, तेव्हा बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाटीवाचून गाडीत चढायचे, म्हणजे कसेसेच वाटेल रे."