मामाच्या केळीतला वाघ

मागच्या पावसाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ‘मेहरूण तलावाजवळ बिबट्या, सावध राहा, पुढे पाठवा.’ आमचं घर तलावापासून पायी दहा मिनिटांवर. आई-पप्पा रोज सकाळी तिथेच फिरायला जातात. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी मागे, झाडांच्या वर, जिराफाची मान दिसली.

ग्रुपवर हसणाऱ्या इमोजींचा पूर आला. तेवढ्यात मुक्ताईनगरकडच्या मामाने एक फोटो टाकला. ड्रीपच्या नळीशेजारची ओली माती, त्यात पंजाचा ठसा आणि मापासाठी शेजारी ठेवलेली तंबाखूची डबी. डबी ठशात सहज मावली असती. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘हा आपल्या मळ्यातला.’

दिवाळीत मामाकडे गेलो. त्याचा मळा डोलारखेड्याच्या अलीकडे आहे. या पट्ट्यात वाघ आहेत हे जळगावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी ते फारसं मनावर घेत नाही. २०१४ साली इथे मुक्ताई भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, साधारण १२२ चौरस किलोमीटरचं. पूर्वेला अंबाबरवा, त्याच्या पुढे मेळघाट. पण नकाशावर जंगल संपतं तिथे वाघ संपत नाही. तो केळीत येतो. (वाघ केळी खात नाही, हे ऑफिसात दोघांना सांगावं लागलं.)

केळीत शिरल्याशिवाय हे कळत नाही. बाहेर एप्रिल-मेचं ऊन पंचेचाळीसला टेकलेलं असतं आणि आत पानांखाली अंधार, गारवा, ड्रीपमुळे कायम ओली जमीन. डुकरं आहेत, नीलगाई आहेत, नाल्याला पाणी आहे. जून-जुलैत लावतात तो मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतात तो कांदेबाग, शिवाय कापलेल्या झाडाच्या पिलांवर धरलेला पिलबाग. म्हणजे वर्षभर शिवारात कुठला ना कुठला मळा उभा असतोच. एक कापला की वाघ दुसऱ्यात. भाडं न देणारा भाडेकरू, असं मामा म्हणतो.

“डुकरं अर्धा मळा उलथून टाकत होती. हा आला तशी कमी झाली. हजेरी मागत नही, उचल मागत नही.”

“मग भीती नाही वाटत?”

“भीती वाघाची नही भो. भीती लाइटीची.”

शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. मोटारीला ऑटो स्टार्टर आहे, पण डीपीवर फ्यूज उडाला, नळी फुटली, व्हॉल्व्ह बदलायचा असला की रात्री एकला माणसालाच जावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन. मामी तो परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहते. एरवी वाघाची आणि मामाची वेळ वेगळी आहे. ती एकत्र आणली विजेच्या वेळापत्रकाने. मी पोटासाठी वेळापत्रकांचंच सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून उत्साहाने म्हणालो, एक अ‍ॅप करू, ठसे दिसले की सगळ्यांना अलर्ट. मामा म्हणाला, “कर. पण त्या अ‍ॅपने फ्यूज बसंल का?”

शेडमध्ये खुंटीला तारेचं वेटोळं टांगलेलं होतं. मी सहज विचारलं. मामा थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, डुकरांसाठी लावली होती, दोन रात्री, थेट लाइनवरून. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर तारेच्या कडेकडेने ठसे गेले होते. एका जागी पंजा तारेपासून वीतभर अंतरावर. तिथून वळलेला.

“मेला असता तर?”

“पहिली जेलची भीती वाटली, खरं सांगतो. वाईट नंतर वाटलं.”

हे ऐकून मला मामाचा राग आला आणि विश्वासही वाटला. अशा तारांनी विदर्भात वाघ मेलेत, आणि रात्री पाणी द्यायला गेलेली माणसंही. मामाने ती त्याच सकाळी काढली. फेकली मात्र नाही.

त्या जिराफवाल्या व्हिडिओनंतर यूट्यूब मला आफ्रिकाच दाखवतंय. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. आमचं राखीव क्षेत्र त्यात दीडशेहून जास्त वेळा बसेल. तिथे कुंपणाने माणूस आणि जनावर वेगळे ठेवले. पण कुंपणात हत्ती वाढले तेव्हा १९६७ ते १९९४ या काळात चौदा हजारांहून जास्त हत्ती सरकारी हिशोबानेच मारले गेले. झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानातल्या सेसिल सिंहाच्या गळ्यात जीपीएस कॉलर होती. २०१५ मध्ये तो हद्दीबाहेर आला आणि एका अमेरिकन दंतवैद्याने हौसेखातर त्याची शिकार केली. हद्दीच्या आत जगाचा लाडका, बाहेर ट्रॉफी. आमचा वाघ तर जन्मभर हद्दीच्या आतबाहेरच करतो.

हौशी शिकारीत आम्हीही मागे नव्हतो म्हणा. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीला स्वतः हजर होता. त्या पलटणीचं ठाणं धरणगावला होतं, आमच्या घरापासून तासाभराच्या आत. आणि २०१७ आठवतच असेल. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी, वरखेड्याच्या बाजूला, बिबट्याने एकामागून एक माणसं मारली. बायका कापूस वेचायला जाईनात. पिस्तूल घेऊन बिबट्या शोधणाऱ्या मंत्र्याचा व्हिडिओ आम्ही हॉस्टेलवर हसत फॉरवर्ड केला होता. डिसेंबरमध्ये हैदराबादहून बोलावलेल्या शिकाऱ्याने बिबट्याला गोळी घातली. ती घालायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांना मी पुण्यातून काय सांगणार? पण मामाच्या शिवारात एक माणूस गेला, तर या वाघाचंही तेच होईल. रात्रीच्या त्या एका फेरीत दोघांचाही जीव टांगलेला असतो.

म्हणून सौर पंपाचा अर्ज भरला. अ‍ॅपऐवजी मी एवढंच केलं: सातबारा अपलोड केला, ओटीपी घेतला, फोटोची साइज कमी केली. पंप बसला की पाणी दिवसाच. अजून बसलेला नाही. मामी विचारते, मी पोर्टल उघडून बघतो.

परवा मामाचा फोन आला. माल कापून झालाय, आता खोडं काढायचीत, आणि ठसे अजून ताजे आहेत. मजुरांना नऊच्या आधी यायचं नाही असं सांगितलंय. सुरुवात गावाच्या बाजूने करायची, बोलत, पत्रा वाजवत, सावकाश. नाल्याकडच्या चार ओळी शेवटपर्यंत तशाच ठेवायच्या.

“दोन दिवसांची मजुरी जास्त जाईल,” मामा म्हणाला. “पण त्याला निघायला वाट नको का?”

पलीकडचा कांदेबाग शेजाऱ्याचा आहे. मामा त्यालाही सांगून आलाय, की रविवारपासून तुझ्याकडे राहील.