दारासुरमचा वृषभकुंजर

आडुतुरै, रात्रौ.

आज दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात, दुसऱ्या राजराज चोळाच्या काळच्या त्या पाषाणावर, बैल आणि हत्ती यांनी एकच मस्तक वाटून घेतलेले शिल्प पाहिले. एक धड हाताने झाकले की बैल उरतो, दुसरे झाकले की हत्ती. आणि घरी येऊन पाहतो तो भाच्याच्या संगणक-खेळाच्या पडद्यावर पुन्हा तोच युरोपीय किल्ला, तेच टोकदार कानांचे दीर्घायुषी एल्फ, तेच दाढीवाले खाणकरी बुटके आणि तेच केवळ वधासाठी जन्मलेले ऑर्क!

इंग्रज लेखक टॉल्किनने १९५४-५५ साली प्रसिद्ध केलेली ती सृष्टी त्याच्या प्राचीन इंग्रजी व नॉर्स वाङ्मयाच्या आजन्म व्यासंगातून उपजली होती. परंतु १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून पुढच्यांनी तो व्यासंग टाकून केवळ वतन तेवढे चालविले, याचे मला मनापासून दुःख होते. एखादी संपूर्ण जात जन्मतःच दुष्ट ठरविणे तर मला कल्पनेचे दारिद्र्यच वाटते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' या खेळात असुर आणि राजस्थानी वळणाचे महाल आणले, हे मोठेच धाडस. मात्र १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी असलेला हा कावेरीकाठचा मुलूख, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दप्तरे, मंडपांतील सोंडवाले याळी, हे सारे मला अजून अस्पर्शितच दिसते. तंजावरचा एखादा मोडीनवीस नायक झालेला मला पाहायचा आहे.