सोड्याचा फेस

फेसाविषयी आपल्या लोकांचा ग्रह फार चांगला आहे. धारोष्ण दुधावर फेस दिसला की ते निर्भेळ वाटते, साबणाला फेस आला की पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळते, आणि सोड्याच्या पेल्यातून फेस उतू जाऊ लागला म्हणजे पाहुणेमंडळी "वा!" म्हणून जातात. आमच्या घरात मात्र ह्या शेवटच्या फेसावर कोणीच प्रसन्न नाही, आणि त्याचे कारण आमचे थोरले काका होत.

काकांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे. नागपूरच्या वैशाखात त्यांची अन्नावरची वासना पार उडते; दोन घास घेतले न घेतले तोच ते ताट बाजूस सारतात. अशा वेळी लिंबू-मीठ घातलेला पेलाभर सोडा घेतला तर चार घास अधिक जातात, हा घरचा अनुभव. पूर्वी ते संध्याकाळी महालातल्या एका दुकानी पायी जाऊन गोळीचा सोडा पीत. आता जिना उतरणे होत नाही, म्हणून आम्ही घरीच सोडा करण्याचे यंत्र आणविले. यंत्र साधेच आहे: कार्बन डायऑक्साइड वायूचे एक नळकांडे, खाली पाण्याची बाटली आणि वर दाबावयाची एक कळ. पहिल्या दिवशी पेला भरला तो तीन हिस्से फेसानेच. तो पाहता पाहता विरला आणि तळाशी उरले त्याचा एक घोट घेऊन काका म्हणाले, "काऊन रे, ह्याला जोर कुठे आहे? गोळीचा सोडा कसा नाकात चढे!"

काकांनी रोगाचे निदान एका घोटात केले होते. जो वायू पाण्यात मुरून जिभेला झोंबावयाचा, तोच फेसाच्या रूपाने आपल्या डोळ्यांदेखत पळून जातो. फेस जितका मोठा तितका सोडा मिळमिळीत.

यंत्र सदोष आहे, ते परत करा, असे शेजाऱ्यांचे मत पडले. यंत्रांवर संशय घेणे नागपूरकरांस नवे नाही. २०२४ च्या मेअखेरीस येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदविले, देशभर गवगवा झाला, आणि पुढे ते उपकरणच बिघडलेले निघाले. दुसऱ्या एका विद्वान स्नेह्यांनी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा मुद्दा काढला. परंतु नागपूरची उंची अवघी सुमारे ३१० मीटर. तेवढ्याने हवेचा दाब शेकडा तीनचार कमी होतो, आणि एवढ्याशा फरकाने पेला उतू जात नाही.

खरा अपराधी गच्चीवरच्या टाकीत बसला होता. कोणत्याही ठराविक उष्णतामानावर दाब जितका अधिक, तितका वायू द्रवात अधिक मुरतो, हे विल्यम हेन्री याने १८०३ साली दाखविले. दाबाचे काम यंत्र करतेच; उष्णतेचे काय? एक लिटर पाण्यात, वातावरणाइतक्या दाबाखाली, शून्य अंशावर सुमारे ३.३ ग्रॅम वायू मुरतो. २० अंशांवर १.७ ग्रॅम, ४० अंशांवर जेमतेम एक. आमच्या टाकीतल्या पाण्याने मे महिन्यात दुपारी हात पोळतो! माठातले पाणी पिण्यास अमृत असले तरी ह्या कामास पुरत नाही. आता आम्ही यंत्राची बाटली रात्रीच भरून शीतकपाटात ठेवतो, सकाळी तीत वायू भरतो, आणि घट्ट झाकण लावून ती पुन्हा थंडीत स्वस्थ पडू देतो. ती कोणी हालविली की तास-अर्धा तास तिला हात लावावयाचा नाही, असा घरात दंडकच आहे.

तरीही थोडा फेस राही. बुडबुडा शून्यातून उपजत नाही. त्याला आसरा लागतो. पेल्याच्या आतील चरा, फडक्याने पुसताना चिकटलेला सुताचा तंतू, मिठाचा खडा, बर्फाचा खडबडीत कंगोरा, अशा ठिकाणी वायू गोळा होऊन उसळतो. म्हणून पेला पुसावयाचा नाही, गार पाण्याने विसळावयाचा. मीठ लिंबाच्या रसात आधी पुरते विरघळवावयाचे. आणि तिरप्या पेल्याच्या अंगावरून सोडा सावकाश सोडावयाचा. रस्त्यावरचे सोडेवाले भरल्या पेल्यात वरून चिमूटभर मीठ टाकतात, तो खेळ बघण्यास छान, पण त्यात गिऱ्हाइकाच्या पैशाचा वायू हवेत जातो असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंमत अशी की सोड्याचा जन्मच मुळी मद्याच्या भट्टीशेजारचा. लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली १७६७ च्या सुमारास एका बिअरच्या कारखान्याजवळ राहत असे. आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मिसळून त्याने हे पेय केले. बिअर पिंपातून नळीने पेल्यात सोडणारांसही आमचाच त्रास होतो. पिंप गार पण नळी गरम असली की पहिला पेला फेसाचा. म्हणून वाटेत दाब हळूहळू उतरावा अशी लांब, अरुंद नळी ते लावतात. मात्र बिअरचा थोडा फेस त्यांना हवाच असतो, आणि जवातील प्रथिनांमुळे तो टिकतोही. सोड्याच्या फेसाला तेवढाही आधार नाही.

इंग्लंडातील हायरम कॉड याच्या १८७२ सालच्या बाटलीचे मोल आम्हांस आता कळते. आतल्या वायूच्याच दाबाने काचेची गोळी रबरी कड्यावर घट्ट बसावयाची, म्हणजे वायूनेच वायूला कोंडावयाचे! काका ती गोळी अंगठ्याने फोडल्याचा अभिनय अजून करून दाखवितात, आणि हल्लीचा सोडा नाकात चढतो असे कबूल करून वर "पण तो आवाज नाही" असे म्हणावयास चुकत नाहीत. ताटातले चार घास मात्र जातात.

दिवाळीनंतर टाकीतले पाणी आपोआप गार होते. तेव्हा यंत्र कसेही चालविले तरी सोडा बरा उतरतो. पण त्या दिवसांत काकांना भूक चांगली असते, आणि घरात सोडा कोणी मागत नाही.