‘वॉर्ड’ची पाकिटं

पुणे, मंगळवार

चि. मन्या यास,


ते पाकीट घेऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुला निवांत वाचता येईल. विकणाऱ्याने खाली मोठ्या थाटात लिहिलंय, ‘यूएसएस वॉर्ड, पर्ल हार्बरला पहिली गोळी झाडणारी विनाशिका’, आणि किंमतही त्याच थाटात लावलीय. पण शिक्क्यावरची तारीख बघ की. 27 ऑक्टोबर 1936, म्हणजे अमेरिकेचा नौदल दिन. त्या दिवशी वॉर्ड राखीव ताफ्यात नुसती बांधून ठेवलेली होती. जुलै 1921 मध्ये तिला नौदलाच्या सेवेतून काढलं ते थेट जानेवारी 1941 मध्ये परत घेतलं. जहाजावर खलाशी नाहीत, कप्तान नाही, मग शिक्का मारला कोणी?

पाकीट खोटं असेलच असं मात्र नाही. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. शिक्क्याच्या वरच्या कमानीत ‘यूएसएस’ आणि ‘वॉर्ड’ यांच्यामध्ये शाई पुसट झालीय, आणि तेवढ्या जागेत आणखी एक शब्द आरामात मावतो. माझा अंदाज, तिथे ‘एरॉन’ आहे. ‘एरॉन वॉर्ड’ ही वेगळी विनाशिका. वर्ग तोच, विक्स वर्ग, चार धुराड्यांचा. नाव मात्र दुसऱ्याच माणसाचं. एरॉन वॉर्ड हे रिअर ॲडमिरल होते. आपली वॉर्ड ज्यांच्या नावाची, ते जेम्स हार्मन वॉर्ड 1861 साली यादवी युद्धात पडले. त्या युद्धात मारले गेलेले अमेरिकी नौदलाचे ते पहिले अधिकारी. 1940 मध्ये ‘एरॉन वॉर्ड’ ब्रिटनला देऊन टाकली आणि तिचं नाव ‘कॅसलटन’ झालं. पुढे ‘एरॉन वॉर्ड’ नावाच्या आणखी दोन युद्धनौका अमेरिकेने बांधल्या. संग्राहकांचा गोंधळ उडतो तो इथे, आणि काही विक्रेत्यांना तो गोंधळ सोयीचाही असतो.

तू विचारलंस, जहाजावर पोस्ट ऑफिस कसं? अमेरिकेत 1908 साली तसा कायदाच झाला. नौदलातल्याच एखाद्या खलाशाला मेल क्लार्क नेमायचं आणि जहाजाच्या नावाचा शिक्का त्याच्या हाती द्यायचा. शिक्क्याच्या गोलात जहाजाचं नाव आणि तारीख, शेजारी तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या रेघा. त्या रेघांच्या मधल्या जागेत बंदराचं नाव किंवा दिनविशेष बसवता येतो. तिसाच्या दशकात लोकांना याचं वेड लागलं. कोणीही स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तीन सेंटचं तिकीट लावलेलं पाकीट जहाजावर धाडायचं आणि बिचारा क्लार्क त्यावर शिक्का मारून परत पाठवायचा. 1932 मध्ये अशा संग्राहकांची ‘युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी’ उभी राहिली. फ्रान्सिस लोसी नावाच्या गृहस्थांनी शिक्क्यांचे प्रकार लावून दिले. आजही जाणकार त्यांच्याच क्रमांकांत बोलतात. सॅन पेद्रोच्या क्रॉस्बी यांची उठावदार छपाईची, छोटा फोटो चिकटवलेली पाकिटं तर बघत राहावीत अशी. मला मात्र ती फार आवडत नाहीत. त्यांत पत्र नसतं. रिकामं पाकीट गेलं, रिकामं आलं.

आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. नौदलातल्या माणसाला लिहायचं तर नाव, जहाज आणि ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई 400001’. पुढचं तेच लोक बघतात.

आता वॉर्डविषयी. तिसाच्या दशकातल्या त्या वेडात ती झोपलेली होती, म्हणून तिच्या नावाचा शिक्का शोधायचा तर 1918 ते 1921 आणि मग 1941, एवढ्याच काळात. ती जन्मली तीच घाईत. कॅलिफोर्नियात मेअर आयलंडच्या गोदीत 15 मे 1918 ला तिचा तळ घातला आणि 1 जूनला ती पाण्यात उतरली. साडेसतरा दिवस! जर्मन पाणबुड्यांच्या धास्तीने अमेरिका विनाशिका अक्षरशः ओतत होती, त्यातला हा विक्रम. 24 जुलैला ती सेवेत दाखल झाली, नोव्हेंबरात युद्धच संपलं. 1919 च्या मे महिन्यात नौदलाची एनसी विमानं अटलांटिक ओलांडायला निघाली, तेव्हा वाटेवर उभ्या केलेल्या जहाजांत ती होती. मग वीस वर्षं आराम.

1941 मध्ये तिला जागं केलं तेव्हा तिच्यावर चढलेले खलाशी बरेचसे तुझ्याच गावचे होते, सेंट पॉलचे. मिनेसोटाचे राखीव दलातले पोरगे, जिथून समुद्र शेकडो कोस लांब! 7 डिसेंबरच्या पहाटे ती पर्ल हार्बरच्या तोंडाशी गस्त घालत होती. पावणेचारच्या सुमारास ‘कॉन्डॉर’ या सुरुंग काढणाऱ्या जहाजाला पाण्यात पेरिस्कोप दिसला. वॉर्डने शोध घेतला, काही सापडलं नाही. साडेसहानंतर एक छोटी जपानी पाणबुडी दुसऱ्या एका जहाजाच्या मागोमाग बंदरात शिरू पाहताना दिसली. कप्तान होते लेफ्टनंट विल्यम आउटरब्रिज. पहिलीच कप्तानी, तीही दोनच दिवसांपूर्वी हाती आलेली. त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला. एक नंबरच्या तोफेचा नेम चुकला, तीन नंबरचा लागला. मग डेप्थ चार्ज टाकले. 6:53 ला किनाऱ्यावर संदेश गेला, पाणबुडीवर हल्ला केला म्हणून. वरच्यांनी म्हटलं, खात्री करा. आठ वाजायच्या आत जपानी विमानं आली. एक तास हातात होता, तो वाया गेला. मला यात कोणाचं कटकारस्थान दिसत नाही. रविवारी सकाळी कुठल्याही कचेरीत जे झालं असतं, तेच झालं.

पुढे साठेक वर्षं लोक शंका घेत राहिले की खरंच गोळा लागला होता का. हवाई विद्यापीठाच्या संशोधकांना ऑगस्ट 2002 मध्ये ती पाणबुडी साधारण चारशे मीटर खोल पाण्यात सापडली. मनोऱ्याच्या बुडाशी गोळ्याचं भोक स्पष्ट होतं. आउटरब्रिज तोवर वारले होते.

हल्ल्याच्या तारखेचा, वॉर्डच्या नावाचा शिक्का कोणी दाखवला तर हात आखडता घे. बनावट शिक्का मारणाऱ्याला 7 डिसेंबर 1941 इतकी मोहाची तारीख दुसरी नाही. युद्धात उतरल्यावर तर शिक्क्यांतून जहाजांची नावंच काढून टाकली. नुसतं ‘यूएस नेव्ही’ आणि तारीख. एप्रिल 1942 पासून सैनिकांना टपाल फुकट झालं. तिकिटाच्या जागी हाताने ‘फ्री’ लिहायचं, आणि पाकिटावर सेन्सॉरचा शिक्का नि सही. अशा पाकिटावर जहाज ओळखायचं कसं? कोपऱ्यातल्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. दिसायला ती पाकिटं अगदी रुक्ष, त्यामुळे ढिगात पडून असतात. मी असते तर त्यांनाच हात घातला असता.

1943 पासून वॉर्ड सैनिक वाहून नेणारं जहाज झाली. फिलिपिन्समध्ये ऑर्मोकच्या उपसागरात एक जपानी विमान तिच्यावर येऊन आदळलं. आग आवरेना, माणसं उतरवली, आणि जहाज बुडवायचा हुकूम शेजारच्या ‘ओब्रायन’ या विनाशिकेला झाला. ‘ओब्रायन’चे कप्तान तेच आउटरब्रिज. तारीख 7 डिसेंबर 1944. कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने कापलं असतं. 2017 च्या डिसेंबरात ‘पेट्रेल’ या संशोधन जहाजाने तिचे अवशेष शोधून काढले.

तीन नंबरची तोफ मात्र तुझ्या घराजवळ आहे, स्टेट कॅपिटॉलच्या आवारात. जाऊन बघून ये.

आणि एक काम कर. वॉर्डवरच्या त्या पोरांनी घरी लिहिलेली पत्रं सेंट पॉलच्याच माळ्यांवर कुठेतरी असणार. म्हातारी माणसं जातात, घरातलं सामान विकायला निघतं, आणि विकणारे पाकीट ठेवून आतलं पत्र फेकून देतात, कारण शिक्क्याला पैसे मिळतात. शनिवारी अशा विक्रीला जातोसच, तर डोळे उघडे ठेव. ‘यूएसएस वॉर्ड’ असा पत्ता कोपऱ्यात दिसला तर पत्र आणि पाकीट दोन्ही एकत्र घे, वेगळं करू देऊ नकोस. मला पाठवूही नकोस. मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी तुझ्या गावातच आहे, तिथे नेऊन दे.

तुझी,
आत्या