औषधदान

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. आहारदान आपण हौसेनं करतो, शास्त्रदानाला ग्रंथ छापून वाटतो. पण औषधदान म्हटलं की दानपेटीत पाकीट टाकायचं, पावती घ्यायची, संपलं. मैत्रिणींनो, औषध नुसतं देऊन भागत नाही, ते माणसाच्या तोंडापर्यंत पोचवावं लागतं, हे मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर नीट उमजलं. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, पण तिथं पेशंट आपल्या पायानं यायचे. जे येऊच शकत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तो पडला नेमावरला. निवृत्तीनंतर आम्ही सांगलीहून बस करून मध्यप्रदेशातल्या सिद्धक्षेत्रांच्या यात्रेला गेलो होतो. नेमावर देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर काठावर, पलीकडे हंडिया. रेवातटावरून कोट्यवधी मुनी मोक्षाला गेले असं निर्वाणकांडात आपण म्हणतो, तो हा काठ. गावकरी याला नर्मदेची नाभी म्हणतात, कारण १३१२ किलोमीटरच्या प्रवासाचा हा मध्य. दर्शन झाल्यावर घाटावर बसले होते. आमच्यात पैठणच्या एक बाई होत्या, त्यांचा भाचा नंदुरबारला आरोग्य खात्यात. त्या म्हणाल्या, “हीच नदी खाली गेली की समुद्रासारखी पसरते हो. तिथं दवाखाना होडीतून फिरतो.”

नेमावरच्या खाली इंदिरासागर, मग ओंकारेश्वर, आणि शेवटी गुजरातेत सरदार सरोवर. पहिल्या धरणात २००४ साली हरसूदसारखं भरलं गाव गेलं. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रातल्या ३३ गावांना बसली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. कुणी पुनर्वसनात गेले, कुणी डोंगरावर सरकून तिथंच राहिले. जुन्या वाटा पाण्याखाली, डोंगरांची बेटं झालेली. अशा पाड्यांसाठी आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना. असली कामं इतरत्रही आहेत. आसामात ब्रह्मपुत्रेच्या चरांवर २००५ पासून बोट-क्लिनिकं फिरतात, बांगलादेशात २००२ पासून ‘फ्रेंडशिप’ संस्थेचं तरंगतं रुग्णालय आहे. आपल्या नर्मदेवर असं काही आहे, हे मला मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

घरी सांगितलं तेव्हा सून म्हणाली, “आई, पाण्यात पोहता येतं का तुम्हाला?” येत नव्हतं. तरी गेले, तीन महिने, हिवाळ्यात, बिनपगारी मदतनीस म्हणून.

जहाज म्हणावं असं काही नव्हतं. पत्र्याच्या छपराची मोटरबोट, एक बाकडं, रक्तदाबाचं यंत्र, लशींचा बर्फाचा डबा, लोहाच्या गोळ्या, जीवनजलाच्या पुड्या. पाणी चढतं-उतरतं, म्हणून काठाला लागायची जागा दर वेळी वेगळी. गुडघाभर चिखलातून वर चढायचं. बायका डोंगर उतरून यायच्या. रक्त कमी, काहींना सिकलसेल. पाणी नदीचंच, तसंच प्यायचं. मी त्यांना दुहेरी फडक्यातून पाणी गाळून उकळायला दाखवायची. हे काही पुस्तकातून शिकले नव्हते, माझ्या आजीनं शिकवलेलं. राजस्थानात नारूचा रोग हटला त्यात पाणी गाळण्याचा मोठा वाटा होता. २००० साली देश नारूमुक्त ठरला. आपण धर्म म्हणून जे करतो त्यानं कुणाचा जीवही वाचतो, हे सांगायला मला आवडायचं.

एका दुपारी एक पोरगा धावत काठावर आला. वहिनी पहाटे बाळंत झाली, वार पडली, पण रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर आणि मी वर गेलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि म्हणाले, हलवावंच लागेल. सासू दारात आडवी. आशाताईनं पावरीतून सांगितलं, मग मला मराठीत : थोरली सून अशीच नेली होती, ती परत आली नाही. म्हातारीनं माझ्याकडे पाहून विचारलं, “तू राहशील हिच्याजवळ? परत येईपर्यंत?” मी म्हटलं, “राहीन, आई.”

झोळीतून खाली आणलं. होडीत अडीच तास मी तिचं पोट चोळत होते, गर्भाशय दगडासारखं घट्ट लागेपर्यंत, आणि सैल पडलं की पुन्हा. हात बधिर झाले. म्हातारी बाळ छातीशी धरून नदीकडे बघत बसलेली. काठावरून जीपनं घाट चढून दवाखान्यात. तिथं रक्ताची पिशवी लागली, ती मिळेपर्यंत सूर्य बुडाला होता.

माझा रात्री अन्नपाण्याचा त्याग. सकाळपासून पोटात काही नव्हतं. नऊ वाजता म्हातारीनं गाठोडं सोडलं, मक्याची भाकरी काढली, अर्धी मोडून माझ्यापुढं धरली. मी हात जोडले. तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, आमच्या हातचं ही खाणार नाही. पावरी मला येत नाही, आशाताई गावी राहिलेली. मी खिडकीबाहेरचा अंधार दाखवला, मग हातानं सूर्य उगवतो तसं करून दाखवलं, आणि भाकरीकडे बोट केलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग अर्धी भाकरी तिनं फडक्यात बांधून उशाशी ठेवली. स्वतःही खाल्ली नाही. म्हणजे पाहुणी उपाशी असताना आपण कसं खायचं!

रात्रभर आम्ही दोघी आळीपाळीनं तिची नाडी बघत बसलो. नाडी कशी बघायची ते मी म्हातारीला शिकवलं. तिचं बोट बरोबर जागेवर पडायचं. पहाटे सुनेनं पाणी मागितलं.

सूर्य वर आला. विधी म्हणून अठ्ठेचाळीस मिनिटं थांबले, तेवढा वेळ म्हातारी फडकं मांडीवर घेऊन समोर बसून. मग आम्ही दोघींनी ती भाकरी खाल्ली, मिठाबरोबर. चौथ्या दिवशी सून होडीत बसून घरी गेली, आणि शब्द दिला होता म्हणून मीही तिला उंबऱ्यापर्यंत पोचवून आले.

आपल्याकडे वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानलं आहे. मुनींची सेवा आपण करतोच. पण ज्यांनी उपवास पाळले त्यांच्याइतकेच ज्यांना जेवायलाच मिळत नाही त्यांचेही पाय दुखतात. तुमच्यातल्या कुणी नर्स असतील, दाई असतील, नुसत्या धीट असतील, तर तीन महिने काढा. पोहता यायलाच हवं असं नाही.