दोन गडांमधील वाट

गड चढणे निराळे आणि एका गडावरून दुसऱ्या गडावर डोंगराच्या धारेने जाणे निराळे. चढणाऱ्यास गड एकटा दिसतो. धारेवरून जाणाऱ्यास त्याची सोयरीक कळते. तोरण्यावर सापडलेल्या धनातून शिवाजीमहाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारला, ही परंपरेने चालत आलेली हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. १७०४ साली औरंगजेबाने राजगड घेतला आणि त्याच वर्षी तोरणाही गेला. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, तोरणा नाही. परंतु ही वाट चालून आलेल्यास ती वाटणी मनापासून पटत नाही.

आमचे थोरले बंधू अण्णा तारुण्यापासून या वाटेने जात आले आहेत. सत्तरी गाठल्यावर त्यांनी पुन्हा तोच बेत केला, तेव्हा वहिनींनी मला बाजूस बोलावून, "भावजी, त्यांच्या गुडघ्याकडे लक्ष असू द्या," एवढेच बजावले. बरोबर माझी धाकटी मुलगी होती.

पद्मावती माचीवरील देवळात रात्र काढून उजाडताच आम्ही संजीवनी माची गाठली. डोंगराच्या सोंडेवरून गेलेली तिची दुहेरी तटबंदी पाहावी तितकी थोडीच! अळू दरवाज्यातून खाली उतरले की तट मागे राहतो आणि पायांखाली निव्वळ धार येते. दोन्ही अंगांस दऱ्या, मध्ये अरुंद पायवाट; कोठे कारवीचे रान, कोठे वाळल्या गवताची निसरडी उतरण. पाणी आपण नेऊ तेवढेच. समोर तोरण्याचा १४०३ मीटर उंचीचा प्रचंड देह सारखा दिसत असतो. पण दोन तास चालूनही तो जवळ आला असे वाटत नाही.

मध्यान्हीच्या सुमारास आम्ही खिंडीत पोहोचलो. येथे धार ओलांडून वेल्ह्याचा रस्ता जातो. अण्णा एका दगडावर बसले, क्षणभर तोरण्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "मी येथून वेल्ह्यास जातो. तुम्ही पुढे व्हा."

"मीही येतो, अण्णा."

"नको. मग पोरीला बुधला कोण दाखवील?"

वहिनींना दिलेला शब्द मला खाली ओढीत होता आणि अण्णांची आज्ञा वर. त्यांनी आपली काठी मुलीच्या हाती दिली, तेव्हा माझे बोलणे खुंटले. रस्त्याने जाणाऱ्या एका जीपमध्ये त्यांना बसवून आम्ही चढणीस लागलो.

उपड्या ठेवलेल्या बुधल्यासारखा तो कडा जवळून पाहिला आणि बुधला माचीवरून मागे वळून पाहिले. सकाळपासून चाललेली सारी धार उन्हात पसरली होती. तिच्या टोकाशी राजगडाचा बालेकिल्ला. "अण्णाकाका इथे किती वेळा उभे राहिले असतील?" मुलीने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

सायंकाळी वेल्ह्यात अण्णा चहा सांगून आमची वाटच पाहत होते. वारा कसा होता, टाक्यांत पाणी होते काय, बालेकिल्ला स्पष्ट दिसला काय, असे ते तिलाच विचारीत राहिले. आणि माहेरची खुशाली ऐकावी तसे तिचे प्रत्येक उत्तर ऐकत राहिले.

घरी आल्यावर मी काही सांगण्यापूर्वीच ते वहिनींस म्हणाले, "मी खिंडीतून उतरलो. पोर मात्र गडावर जाऊन आली." त्या दोन वाक्यांपैकी पहिले त्यांनी हळू उच्चारले, दुसरे साऱ्या घरास ऐकू गेले.