‘मला काही त्रास नाही’

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की अर्धांगाचा झटका आला हे कुणीही ओळखतं. मग धावाधाव होते. पण रक्त न पोचल्यामुळे मेंदूचा लहानसा भाग मरून जातो आणि त्या माणसालाही पत्ता लागत नाही, असं याहून कितीतरी जास्त वेळा घडतं. अमेरिकेत पासष्टीपुढच्या, कधीही झटका न आलेल्या हजारो माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा चारांतल्या एकाहून अधिक जणांच्या मेंदूत अशा जुन्या खुणा सापडल्या.

माझ्या आत्याच्या मेंदूत त्या होत्या. तिची आठवण पक्की. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं हे ती आजही सांगेल. पण एकीकडे पुरण, दुसरीकडे कटाची आमटी सहज सांभाळणारी ही बाई गॅससमोर डाव हातात धरून थबकायला लागली. आता काय करायचं हे तिला ठाऊक असायचं, तिथवर पोचायला वेळ लागायचा. पावलं आखूड झाली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलायची. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली, म्हणून एमआरआय झाला. मेंदूच्या पोकळ्यांभोवती पांढरे डाग होते, आत खोलवर मसुराएवढी दोन-तीन भोकं. ‘यांना झटका कधी आला होता?’ डॉक्टरांनी विचारलं. कधीच नाही. बीपीची गोळी? ‘डोकं दुखलं की घेते. एरवी मला काही त्रास नाही.’

खरी गोम इथेच आहे: वाढलेला दाब जाणवत नाही, पण आत नुकसान चालूच असतं. मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या धमन्या मिलिमीटरभरही जाड नसतात आणि मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटतात. वाढलेला दाब त्यांच्यावर सरळ आदळतो. वर्षानुवर्षे तो सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा थर या पुरवठ्याच्या अगदी टोकाला असतो; पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यासारखा तोच आधी कोरडा पडतो. बॉस्टनमध्ये मिलर फिशर यांनी १९६०च्या दशकात मृतांच्या मेंदूंतली ही भोकं बारकाईने तपासली. ती असलेल्या जवळजवळ सगळ्यांना रक्तदाब होता.

मधुमेह, बिडी-सिगारेट, हृदयाचे अनियमित ठोके, मूत्रपिंडाचे विकार, घोरताना मध्येच अडकणारा श्वास यांनीही हा धोका वाढतो. आपल्याकडे ब-१२ जीवनसत्त्वाकडेही बघायला हवं. ते कमी पडलं की रक्तातलं होमोसिस्टीन वाढतं, आणि ते जास्त असलेल्यांत हे पांढरे डाग अधिक दिसले आहेत. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तपासलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांत ब-१२ कमी होतं. तरी पहिला मान रक्तदाबाचाच, कारण त्याच्यावर इलाज स्वस्त आहे आणि त्याचा उपयोग दिसून आला आहे.

रोटरडॅममध्ये साठी ते नव्वदीतल्या हजारभर माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या मेंदूत न जाणवलेल्या झटक्याच्या खुणा होत्या, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून जास्त निघाला, हे २००३ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. वरचा दाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवलेल्या गटात पांढरे डाग कमी वाढले आणि सौम्य बौद्धिक घटही सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसली. स्मृतिभ्रंशाबाबतचा फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. शिवाय त्या चाचणीत मधुमेही नव्हते आणि थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला दाब फार उतरला तर चक्कर येते. म्हणून आकडा किती हवा हे डॉक्टरांनीच ठरवावं.

पडलेली भोकं भरून येत नाहीत. आत्या आता रोज सकाळी गोळी घेते. पुढचं नुकसान रोखता यावं, एवढीच आशा. ‘एकदा सुरू केली की जन्माची चिकटते’ असं म्हणत गोळी टाळणारं माणूस बहुतेक घरांत असतं. तुमच्याही घरात असेल, तर या आठवड्यात त्याचा दाब मोजून घ्या. विशेषतः ते माणूस मला काही त्रास नाही म्हणत असेल तर.